शिरगणती

कार्यालयाने मला मोजायचं यंत्र दिलं,
अंगठ्याखाली मावेल एवढं, चार आकडी.
माणूस चढलं की एकदा दाबायचं, टक्. एवढंच काम.
स्वतःला मोजायचं नाही, चालकाला नाही,
मांडीवरचं मूल नाही.

नोव्हेंबरचे चौदा दिवस. एकच डबा, सीटांना मुरलेला डिझेलचा वास,
स्लोव्हाकियाचं पूर्वेकडचं टोक,
त्याच्यापुढे बीचची रानं आणि कुणाची तरी सीमा.

पहिल्या दिवशी अकरा. दुसऱ्या दिवशी नऊ, आणि एक बदक,
टोपलीतून मान काढून माझ्या अंगठ्याकडे बघत बसलेलं.

पारास्का ह्रिंकोव्हा मंगळवार, गुरुवार, शनिवार,
रक्त धुऊन घ्यायला जंक्शनच्या इस्पितळात.
जाताना टक्, येताना टक्.
येताना ती फारशी नसतेच,
शाल तेवढी बसलेली असते खिडकीशी.
तरी मी पूर्ण एक दाबते.
अर्ध्याचं बटण नाही.

दुसऱ्या आठवड्यात अग्निशामकांच्या शेडमध्ये सभा.
इंजिनिअर म्हणाला, तारा ओढायच्या तर बोगदा बुटका आहे,
चार वीत कमी पडतात.
छत फोडा, नाहीतर तळ खणा,
नाहीतर बॅटरीची गाडी घ्या,
रात्रभर जंक्शनला वायर लावून निजेल.
साहेब म्हणाले, त्या पैशात
प्रत्येक प्रवाशाला एकेक मोटार घेऊन देता येईल.
पारास्काने विचारलं, "आणि चालवणार कोण?"
हातावरची पट्टी तिने दाखवली नाही,
सगळ्यांना माहीत होती.

हसणं ओसरल्यावर देम्को उठला, लाकूड कारखान्यातला.
म्हणाला, "हे रूळ आपल्यासाठी टाकलेच नव्हते.
सैन्य डोंगरापलीकडे न्यायचं होतं बादशहाला.
म्हणून तर स्टेशन तिथे खाली ओढ्याकाठी
आणि गाव इथे वर.
माझ्या आईने आयुष्यभर दोन किलोमीटर चढण चढली
त्या बादशहापायी.
मला दारात थांबणारी बस द्या."

यावर कुणी काही बोललं नाही.
मलाही अजून काही सुचलेलं नाही.
मागून एकजण पुटपुटला, जानेवारीत बस खिंड चढते का ते विचारा,
पण तो काही देम्कोच्या आईला जबाब नव्हता.
रात्रीच्या गाडीत देम्को समोरच बसला,
त्याची मोटार गॅरेजात होती.
माझ्या हाताकडे पाहून म्हणाला, "दाबलंस?"
म्हटलं, "दाबलं."

चौदावा दिवस शनिवार.
पहाटेचा थांबा, पत्र्याच्या शेडखाली दिवा.
पारास्का नव्हती.
ओनुफरने दार उघडलं. थंडी आत येऊन बसली.
मिनिट झालं. नियम एका मिनिटाचा.
त्याने घड्याळ पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.
शेजाऱ्याच्या मोटारीने गेली असेल.
भाचा येणार होता म्हणे कोशित्सेहून, त्याच्याबरोबर.
दोन मिनिटं.
पायाखाली इंजिन धडधडत होतं,
काचा थरथरत होत्या,
मी दारात उभी, कान पायवाटेकडे,
आणि त्या धडधडीपलीकडचं
काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.
विजेची असती तर उभी असताना गप्प राहिली असती.
झाडांतून कुणी घाईने उतरतंय का,
बर्फावर काठी टेकत, "थांबा" म्हणत,
ते तरी कळलं असतं.

मग दार लागलं.

तक्त्यात त्या थांब्यापुढे मी शून्य लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात दोन बोटं जागा असते,
तिथे लिहिलं:
गाडी तीन मिनिटं उभी होती. इंजिन चालू.